जिनिंगच्या गोदामात न लागलेली समई

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. या सदरातले अनुभव नात मला मोबाइलवर वाचून दाखवते आणि मी दर वेळी खोड काढतो. "पांढरी बाई दिसली? वाळत घातलेलं धोतर असेल. पावलं वाजली? घूस असेल." नात वैतागते. परवा ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या उभ्या आयुष्यात असं एकदाही काही झालं नाही?" नेहमीप्रमाणे "छ्या" म्हणायला मी तोंड उघडलं... आणि एक दुपार आठवली.

झालंय. एकदाच. तेही भर दुपारी, माणसांनी भरलेल्या खोलीत. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे सांगताना अजूनही थोडी लाज वाटते. पण नात टाइप करायला बसलीच आहे, तर घ्या.

जागा नीट सांगतो, म्हणजे नंतर भानगड नको. वाशिम. आता जिल्ह्याचं ठिकाण आहे, तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. एकोणीसशे पन्नासच्या दशकाची अखेर. गावाबाहेर एक बंद पडलेलं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, होता. त्याचं कापसाचं गोदाम एका संस्थेने भाड्याने घेतलं आणि तिथे इंटर सायन्सचा वर्ग सुरू केला. मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे प्रॅक्टिकलची सगळी तयारी करायची, मुलांनी काही फोडलं की बोलणी खायची, आणि पगार मागायला गेलं की "पुढच्या महिन्यात बघू" ऐकायचं.

गोदामाला जाड दगडी भिंती, वर पत्रे, हवेसाठी अगदी वर छपराजवळ झरोके, आणि दार एकच. बैलगाडी आत जाईल एवढं रुंद, पण एकच. हे लक्षात ठेवा.

त्या दाराच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात शेंदूर फासलेला दगड. जिनिंग चालू होतं तेव्हा तिथे काम करणाऱ्या बाया त्याला 'गोदामाची माय' म्हणायच्या. कापसाच्या गोदामात आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे बिडी-काडी फाटकावरच काढून ठेवायचा नियम होता. तो नियम या बायांनी देवीलाही लावला होता! तिच्यापुढे पणती ठेवायची, तेल घालायचं, वात घालायची, पण पेटवायची नाही. जिनिंग बंद पडलं, तरी एक-दोन म्हाताऱ्या मंगळवारी येऊन तशी न लावलेली पणती ठेवून जायच्या.

मी एकदा चेष्टेने विचारलं, "काय हो मावशी, देवीला अंधारात बसवता होय?"

"तिले उजेड कायले पायजे सर?" म्हातारी म्हणाली. "तिले कापूस सांभाळा लागते."

आता इथे कापसाचं बोंडही नाही, असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पणती सरळ केली. बस्स.

आता माझं घर. वडील लवकर गेले. घरात माय, मी आणि धाकटी बहीण कुसुम. कुसुम मॅट्रिकला चांगली पास झाली होती आणि आमच्या याच गोदामातल्या वर्गात शिकत होती. मुलं वीस-बावीस आणि मुली दोन, त्यातली एक ही. पण घराचा कारभार पाहायचे केनवडचे काका. शेती तेच बघायचे, धान्य तेच पाठवायचे, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी कुसुमसाठी रिसोडच्या एका अडत्याचा मुलगा हेरून ठेवला होता.

"पोट्टीनं लय शिकून काय करा लागते रे?" काका म्हणायचे. "गॅसच्या नळ्या फुकत बसन का ते?"

मी भांडलो, मायने डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा कुठे काका एका अटीवर थांबले. आमच्या वर्गाला विद्यापीठाची पक्की मंजुरी यायची होती. नागपूरची कमिटी येऊन लॅब पाहणार, प्रॅक्टिकल चालू असताना पाहणार, आणि मगच हो-नाही सांगणार. मंजुरी मिळाली तर कुसुमने शिकावं. नाही मिळाली तर मुलं जातील अकोल्याला नाही तर अमरावतीला, पण पोरीला परगावी ठेवायचं नाही. वैशाखात लग्न.

म्हणजे बघा, माझी लॅब पास झाली तर माझी बहीण सुटणार होती. त्या महिन्यात मी दुसरं काही बोलतच नव्हतो. माय म्हणायची, "जेवतानी तरी बाटल्या मोजणं सोड."

कमिटीने सेंद्रिय रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल पाहायचं कळवलं होतं. मी ठरवलं, मिश्रणातून ईथरने बेंझोइक आम्ल वेगळं काढायचं. दिसायला सुरेख प्रयोग. नरसाळ्यासारख्या काचेच्या भांड्यात दोन थर वेगळे होतात, खालचा थर तोटीतून सोडायचा, वरचा ईथरचा थर घ्यायचा, ईथर उडून गेलं की तळाशी पांढरेशुभ्र स्फटिक. पाहुण्यांना दाखवायला याहून चांगलं काय?

पण ईथर म्हणजे एक नंबरचा दगलबाज. नुसत्या उन्हाळ्याच्या उबेने उकळतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि लांब कुठे दिवा, शेगडी, बिडी दिसली की पेट घेऊन आल्या वाटेने परत येते. म्हणून मी एकच नियम केला. त्या दिवशी लॅबमध्ये आग नाही. स्पिरिटचे दिवे कपाटात बंद. गरम पाणी लागेल ते गोदामाच्या पार मागे, चुलीवर तापवून हंड्याने आणायचं. शिपाई किसनच्या बिडीची काडेपेटीसुद्धा मी सकाळीच काढून माझ्या खिशात टाकली. तो म्हणाला, "सर, तुमी तं त्या गोदामाच्या मायपेक्षा बी कडक झाले." मी त्याला कामाला लावलं.

मार्चचे दिवस. पत्रे अकरा वाजल्यापासूनच तापायला लागले. ईथरच्या बाटल्या एका लाकडी खोक्यात होत्या. खोकं मी कोपऱ्यात सावलीला ठेवलं आणि त्यावर ओली गोणपाटं टाकली. किसनला सांगितलं, दर थोड्या वेळाने त्यावर पाणी मारत राहा. टेबलांवर भांडी मांडली. बुचं तपासली, तोट्यांना व्हॅसलीन लावलं, मिश्रणाच्या पुड्या तोलून प्रत्येकाच्या जागेवर ठेवल्या. आग विझवायचं यंत्र म्हणजे वाळूच्या दोन बादल्या आणि एक घोंगडी. कुसुम आणि दुसरी मुलगी भांडी पुसून देत होत्या. कुसुमने एक भांडं उजेडात धरून मला दाखवलं, "भाऊ, पाय बरं, डाग हाय का?" डाग नव्हता. तरी तिने ते पुन्हा पुसलं. तिलाही माहीत होतं, आज काय पणाला लागलंय.

त्यातच काका उगवले. केनवडहून रिसोड, रिसोडहून मोटारीने वाशिम. अंगात कोट, डोक्यावर नवा फेटा. "म्या म्हणलं, आपल्या डोयानं पाहून घेतो," ते म्हणाले. खरं कारण मायने मला नंतर सांगितलं. मंजुरी नाही मिळाली तर त्याच संध्याकाळी कुसुमला केनवडला घेऊन जायचं आणि रिसोडच्या पाहुण्यांना दाखवायचं, असं ते ठरवूनच आले होते.

कमिटीचे मुख्य नागपूरचे एक प्रोफेसर होते. विषय फिजिक्स, तपकिरीचे भारी शौकीन. तपकीर ओढून ओढून त्यांच्या नाकाचा वासाशी काही संबंध उरला नव्हता, हे नंतर त्यांनीच सांगितलं. ते आले तेव्हा संस्थेच्या सेक्रेटरींनी व्हरांड्यात स्वागताची तयारी केली होती. सरस्वतीचा फोटो, समई, अत्तर, गुलाबपाणी. मी सेक्रेटरींना दोनदा सांगितलं होतं, समई व्हरांड्यात, आत नाही. ते दोनदा "हो हो" म्हणाले होते. मग मी मागे चुलीकडे गेलो, कारण पाणी अजून तापलं नव्हतं आणि चुलीतल्या तुराट्या, तुरीच्या वाळक्या काटक्या, नुसत्या धुरकटत होत्या.

मी मागे असताना पुढे काय झालं ते ऐका. व्हरांड्यावर ऊन आलं. सेक्रेटरी म्हणाले, पाहुण्यांना उन्हात उभं करायचं का? सगळं आत घ्या. आत फोटो ठेवायला टेबल रिकामं नाही. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या त्या खोक्यावर गेली. "हे गोणपाट काय पाहुण्यांना दाखवायचं? काढा!" गोणपाटं गेली. खोकं ओढून बरोब्बर मधोमध आणलं, दाराच्या समोर. त्यावर भरतकाम केलेला मोठा टेबलक्लॉथ, जमिनीपर्यंत लोंबणारा. त्यावर सरस्वती. पुढ्यात समई.

म्हणजे ईथरचं खोकं हेच आमचं व्यासपीठ झालं. कोणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. पाहुणे आले की घरातली ट्रंक झाकून आपण तिचं टेबल करतोच की. तोच हिशोब. किसन पाणी मारायला आला तर त्याला हाकलून दिलं, नवा कपडा भिजेल म्हणून.

खोकं ओढताना आत एक बाटली आडवी झाली होती. तिचं बूच निघालं. बाकीच्या बाटल्यांची बुचं वरच्या तापाने सैल होत होती. कापडाच्या आत, खाली, जमिनीवर ईथर पसरत होतं. आणि वास? वास आला की सगळ्यांना! गोडसर वास. लोकांना वाटलं अत्तर आहे, आणि मुलांनी ईथर अजून हाताळलंच नव्हतं. काका म्हणे किसनला म्हणाले, "नागपूरवाल्यायचं अत्तर भारी दिसते."

मुलं भिंतीला ओळीने उभी. कुसुमच्या हातात ओवाळणीचं तबक, त्यात निरांजन. समई लागली की तिच्यावरून निरांजन लावायचं आणि पाहुण्यांना ओवाळायचं. ती खोक्याला लागूनच उभी होती. तिच्या साडीचा काठ त्या टेबलक्लॉथला टेकत होता, असं तीच नंतर म्हणाली.

प्रोफेसरसाहेबांनी काडी घासली.

काही नाही.

दुसरी घासली. ठिणगी नाही, धूर नाही, काही नाही. लोक हसले. सेक्रेटरींनी आपल्या खिशातली पेटी दिली. तीच गत. काडीचं गुल घासून घासून झिजायचं, पण पेटायचं नाही. नवी कोरी पेटी फोडली. तीही तशीच. मग सेक्रेटरी चिडून व्हरांड्यात गेले, तिथे त्याच पेटीतली काडी घासली, आणि ती पहिल्या फटक्यात फुरकन पेटली! ते ओंजळीत जपत जपत ती काडी आत आणू लागले. उंबऱ्यावर विझली. परत गेले, परत पेटवली, परत उंबऱ्यावर विझली. त्या दिवशी वारा मुळीच नव्हता, दारापुढच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. ही गोष्ट मी निदान दहा जणांना विचारून पक्की केली आहे.

आता कुजबुज सुरू झाली. अपशकुन! काका भिंतीजवळून मोठ्याने म्हणाले, "पायलं? दिवाच लागून नाही राह्यला. याच्यात पोरीचं काय भलं होईन?" कुसुम सांगते, हातातलं तबक तिला दगडासारखं जड झालं होतं. तिला वाटलं, संपलं. आता केनवड.

सेक्रेटरींनी किसनला सांगितलं, "चुलीतून विस्तव आण."

मी मागे हंड्यात पाणी ओतत होतो. किसन आला आणि काही न बोलता चुलीतली तुराट्यांची पेटती जुडी उचलून निघाला. मी विचारलं, "कुठे रे?"

"दिवा लागून नाही राह्यला सर. काड्या नाही पेटून राह्यल्या."

"व्हरांड्यात वाराबिरा आहे का?"

"व्हरांड्यात कायले? आतमंदी. सरसोतीचा फोटू त्या खोक्यावर मांडला नं."

कोणतं खोकं हे मला विचारावं लागलं नाही. लॅबमध्ये खोकं एकच होतं. किसन तरणाताठा, लांब ढांगा टाकत कोपऱ्यावरून वळलासुद्धा. हातातला हंडा टाकून मी पळत सुटलो. पाय भाजला, ते संध्याकाळी कळलं. "किसन! थांब! किसन!" मी ओरडत होतो, पण चाळीस-पन्नास पावलांवरून त्याला वाटलं, मी लवकर जा म्हणतोय. तोही धावायला लागला!

मी कोपरा वळलो तेव्हा तो दारात होता. हात पुढे, जुडी धडधडून पेटलेली, वीतभर ज्वाळा. त्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

ज्वाळा गेली. फुंकर मारल्यासारखीही नाही, भडकून नाही, फडफडून नाही. होती आणि नव्हती. मागे धूर राहिला नाही, निखारा राहिला नाही. तुराट्या माहीत असतील त्यांना सांगायला नको, ज्वाळा विझली तरी तुराटीचं टोक किती तरी वेळ लाल धुमसत राहतं. इथे टोकं काळी ठिक्कर. मी किसनच्या हातातून ती जुडी हिसकावून घेतली. तेव्हाही माझा हात भाजला नाही. जुडी जेमतेम कोमट होती.

आणि मग मला वास आला.

तेव्हा मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. लोक सांगतात, मी जुडी व्हरांड्याबाहेर लांब भिरकावली, आत घुसलो, पहिल्यांदा कुसुमचा दंड धरून तिला तबकासकट बाहेर ओढलं, आणि मग ओरडलो, "सगळे बाहेर! कोणी काही पेटवू नका! बाहेर!" मुलं पळाली. सेक्रेटरी संतापले, "अहो, पाहुण्यांसमोर हे काय—" मी त्यांना खांद्याला धरून बाहेर ढकललं. पगार देणाऱ्या माणसाला ढकललं! आजही ते आठवून बरं वाटतं.

सगळे बाहेर लिंबाखाली आल्यावर मी प्रोफेसरांना एवढंच म्हणालो, "सर, त्या फोटोखाली ईथर आहे. बाटली सांडली आहे."

फिजिक्सचे असले तरी त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी एकदा त्या एकुलत्या एक दाराकडे पाहिलं, एकदा मुलांकडे पाहिलं, आणि खाली ओट्यावर बसले. हातातली तपकिरीची डबी उघडायचीही विसरले. "आणि मी तिथे काड्या घासत होतो," ते हळूच म्हणाले. "एका मागोमाग एक."

मी तोंडाला ओला रुमाल बांधून आत गेलो, कापड काढलं. आडव्या बाटलीत तळाशी थोडंसं उरलं होतं. टेबलक्लॉथचा काठ ओला होता, आणि नेमका कुसुम उभी होती त्या बाजूचा.  खोकं बाहेर आणलं, दार सताड उघडं टाकलं.

पण काका अजून त्यांच्याच हट्टावर अडून होते. त्यांच्या हिशोबी काहीच घडलं नव्हतं. दिवा लागला नाही, पोराने पाहुण्यांना हाकललं, सगळा बट्ट्याबोळ. "चाल कुसुम," ते म्हणाले. "सामान घे तुह्यं. झाली तुही सायन्स."

कुसुम माझ्याकडे बघत होती.  मी फक्त म्हणालो, "काका, जरा इकडे या."

जिनिंगच्या मागे लांब मोकळ्या वावरात मी त्यांना नेलं. एका बशीत उरलेलं चमचाभर ईथर ओतलं, त्यांना खूप मागे उभं केलं, एका लांब काठीला चिंधी बांधली आणि खिशातल्या किसनच्या काडेपेटीने पेटवली. पहिल्याच काडीला पेटली. काठी बशीपर्यंत पोचायच्या आधीच भक्ककन माणसाएवढी ज्वाळा उठली. काका दोन पावलं मागे सरकले, फेटा पडला.

"हे चमचाभर," मी म्हणालो. "आत बाटलीभर होतं. आणि कुसुम त्याला टेकून उभी होती. तुम्ही पण होतात."

 काका फेटा उचलून, झटकून, सरळ गोदामाच्या दाराशी गेले. त्या कोनाड्यापुढे उभे राहिले. शेंदराच्या दगडासमोर मंगळवारची पणती होती, तेल-वात घातलेली, न लावलेली. काकांनी पायातली वहाण काढली आणि हात जोडले.

"इनं वाचवलं आपल्या पोरीले," ते म्हणाले.  "हिच्या दारातून पोरीले मी नाही वढून नेत बापा. शिकू दे तिले. इथंच शिकू दे."

माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. मी सांगणार होतो, काका, याच खोलीत वर्षभर आम्ही स्पिरिटचे दिवे लावतोय, तेव्हा ही माय कधी आडवी आली नाही. तोंड उघडलंही. मागून कुसुमने माझा शर्ट ओढला. आयुष्यात पहिल्यांदा मी एका चुकीच्या युक्तिवादापुढे आनंदाने गप्प बसलो.

मंजुरीचं म्हणाल तर, प्रोफेसरांनी तास-दीड तास विश्रांती घेतली आणि म्हणाले, "प्रॅक्टिकल बघायला आलोय, बघूनच जाणार." मुलांनी टेबलं उचलून बाहेर लिंबाच्या सावलीत आणली आणि शाबूत बाटल्यांवर तिथे प्रयोग झाला. कुसुमने आता भांडं एकदाच पुसलं. तिच्या भांड्यात दोन थर इतके स्वच्छ वेगळे झाले, की काकाही वाकून बघत होते. "हे वरचं तेच का रे, भक्क करणारं?" त्यांनी विचारलं. "तेच," मी म्हणालो. ते टुणकन मागे झाले.

जाताना प्रोफेसर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंजुरीची शिफारस करतो. ज्या माणसाने सेक्रेटरीला ढकलून खोली रिकामी केली, त्याच्या हाती मुलं सुरक्षित आहेत. बाकी त्या काड्यांचं... ते मला लिहिता येणार नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा."

मला काही सुचलं नाही, त्यामुळे मी कधीच कळवलं नाही.

तुम्ही म्हणाल काड्या दमट होत्या. मग बाहेर कशा पेटल्या? उरलेली नवी पेटी मी घरी नेली. माय ती चुलीला वापरायची, एकही काडी वाया गेली नाही. म्हणाल, वाफेमुळे प्राणवायू कमी झाला असेल. हवेत तेवढी वाफ भरली असती, तर माणसं गुंगी येऊन कोसळली असती, आणि आतले सगळे धडधाकट होते. शिवाय काडीच्या गुलात तिचा स्वतःचा प्राणवायू असतो, बाहेरच्या हवेची वाट न पाहता ती ठिणगी देते. द्यायलाच हवी. आणि ईथरची वाफ आग विझवत नाही, ती आग बोलावते. तुराट्यांची जुडी उंबऱ्यावर आली, तिथे भडका उडायला हवा होता, आणि आज हे सांगायला मी नसतो. नंतर मी प्रयोग करून पाहिले, पुस्तकं पाहिली, माझ्याहून मोठ्या लोकांना विचारलं. एक जण म्हणाला, तुझी आठवणच चुकीची असेल. मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही.

म्हाताऱ्या बायांकडे मात्र उत्तर तयार होतं. मी त्यांना स्पिरिटच्या दिव्यांचं विचारलं, ते का पेटू देते म्हणून. पणती ठेवणारी म्हातारी हसली. "तिले समजते नं सर, कवा नाही म्हणा लागते ते." हे उत्तर मी स्वीकारलेलं नाही. पण याहून बरं उत्तर माझ्याकडे नाही, हेही कबूल करतो.

कुसुम पुढे खूप शिकली आणि तिनेही जन्मभर रसायनशास्त्रच शिकवलं. आम्ही दोघं त्या दुपारवर किती तरी वेळा भांडलो, आकृत्या काढून भांडलो, आणि दर वेळी हात टेकले. एरवी एखादं कोडं सुटलं नाही की मला झोप येत नाही, चिडचिड होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी काका जेवून केनवडला परत गेले, एकटेच गेले, आणि मी भाजलेल्या पायाला तूप लावून असा झोपलो की मायने दोनदा हाक मारली तरी जाग आली नाही. शेवटी सकाळी कुसुमने गदागदा हलवलं. वेणी घातलेली, वह्या छातीशी धरलेल्या.

"उठ नं भाऊ," ती म्हणाली. "कॉलेजले उशीर होऊन राह्यला मले."